आठ काढला, पुढे काय?

महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा २०२१ पासून घरबसल्या देता येऊ लागली. हेलपाटे वाचले, हे खरेच. परंतु उत्तरे उमेदवाराने दिली की शेजारी बसलेल्या थोरल्या बंधूंनी, याची शहानिशा कोणी करावयाची? मग महत्त्व उरते ते निदान तीस दिवसांनंतरच्या प्रत्यक्ष चाचणीला. तेथे बहुधा मोटारसायकलीने आठाचा आकडा काढावयाचा. पाय टेकला नाही की झाले! तोल आणि क्लच यांची ही कसोटी खरी, पण संथ गतीची. ओल्या रस्त्यावर ब्रेक कसे लावावेत, एसटीला कोठे ओलांडू नये, हे सहसा पाहिलेच जात नाही. वास्तविक केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील पंधराव्या नियमाने वाहन ओलांडणे, आणीबाणीत थांबणे या गोष्टी चाचणीत अंतर्भूत केल्या आहेत. नवा नियम नको. परिवहन खात्याने आहे तोच रहदारीच्या रस्त्यावर अंमलात आणावा.