शेख की शेख?

"आधी उमरा, मग फिरणं," हे अम्मीपासून चाचांपर्यंत सगळ्यांचं सांगून झालं. पंधरा वर्षांच्या माझ्या मुलीला मात्र इस्तंबूल पाहायचंय. अंबरनाथच्या आमच्या घरातला हा पहिलाच परदेश प्रवास, आणि मला तिच्या हट्टापेक्षा कागदांचीच धास्ती जास्त. तिच्या जन्मदाखल्यावर शेख 'ए-आय'ने, आधारवर 'ई-आय'ने. माझं नाव एकीकडे मोहम्मद, दुसरीकडे नुसतं 'मोहद'. ज्याला जसं ऐकू आलं तसं त्याने लिहिलं, आपणही 'चालतंय की' म्हणत आलो. विमानतळावर ते चालत नाही. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी जुळावंच लागतं.

माझं मत असं, की हे काम मुलांवरच सोपवावं. आपण त्यांना खिडकीची जागा देतो आणि पैसे, तारखा, दाखले आपल्या कपाटात ठेवतो. मुलीने सगळे कागद पलंगावर पसरून चुका वहीत उतरवल्या. पंधरा ते अठरा वयात दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, हेही तिनेच शोधलं. मी अठराव्या वर्षी संपणाराच काढणार होतो.

आया सोफिया ५३७ साली चर्च म्हणून बांधून झालं, १४५३ मध्ये मशीद झालं, मधे संग्रहालय, २०२० पासून पुन्हा मशीद, हे सगळं ती जेवताना ऐकवते. मी विचारलं, आपल्या गावच्या शिवमंदिराचा शिलालेख कुठल्या सालचा? गप्प. १०६० सालचा आहे, रिक्षाने दहा मिनिटांवर.

रविवारी तिथे जातोय. सोमवारी नावदुरुस्तीचा अर्ज.