रेड रात्री आठला, पण कोणाच्या आठला?

दरवर्षी मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेच्या बहुतांश भागात घड्याळं एक तास पुढे जातात. भारतात काहीच बदलत नाही. तरीही न्यूयॉर्कच्या ग्रुपसोबत ‘फायनल फँटसी १४’सारखा ऑनलाइन रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या पुण्यातल्या खेळाडूची झोप तासाभराने कमी होते. असं का?

समजा, आठ जणांच्या ग्रुपची रेड न्यूयॉर्कच्या वेळेनुसार शनिवारी रात्री ८ वाजता ठरलेली आहे. हिवाळ्यात तेव्हा आपल्याकडे रविवारचे सकाळचे ६.३० झालेले असतात. मार्चमधल्या बदलानंतर तीच रेड पहाटे ५.३० वाजता येते. युरोपची घड्याळं मात्र मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्यामुळे लंडनच्या खेळाडूसाठी रात्री १ची रेड मधले दोन-तीन आठवडे १२ वाजता सुरू होते आणि नंतर परत १ वर जाते. ‘कोणीतरी आलंच नाही’ या तक्रारी नेमक्या याच काळात वाढल्या तर नवल नाही!

गेम कंपन्यांनी यावर सोपा उपाय शोधलाय: सगळ्यांसाठी एकच घड्याळ, म्हणजे यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ. आइसलँडच्या ‘ईव्ह ऑनलाइन’मध्ये जगभरचे खेळाडू यूटीसीनुसारच वेळ सांगतात. त्याचा रोजचा डाउनटाइम ११ यूटीसीला, म्हणजे आपल्या दुपारी ४.३० वाजता असतो. ‘फायनल फँटसी १४’चा साप्ताहिक रीसेट आपल्याकडे बाराही महिने मंगळवारी दुपारी १.३० वाजताच होतो.

पण यूटीसीने फक्त गोंधळ मिटतो, गैरसोय नाही. अमेरिका, युरोप आणि भारत या तिघांनाही संध्याकाळ मिळेल अशी वेळच नाही. कोणाची तरी झोप मोडणारच. ‘ईव्ह’मध्ये तर हेच शस्त्र बनतं. तिथे अंतराळतळाचा मालक निर्णायक लढाई साधारण किती वाजता व्हावी हे आधीच ठरवून ठेवू शकतो. साहजिकच, शत्रू झोपलेला असेल अशी वेळ निवडली जाते.

मित्रांच्या ग्रुपमध्ये असं व्हायला नको. मग करायचं काय?

पहिलं, रेडची वेळ यूटीसीमध्ये पक्की करा. अमेरिकेचं घड्याळ बदललं की त्यांनी जुळवून घ्यायचं, दर वेळी आपणच का?

दुसरं, डिस्कॉर्डवर वेळ नुसती टाइप करू नका, टाइमस्टॅम्प टाका. तो प्रत्येकाला आपापल्या स्थानिक वेळेत दिसतो, त्यामुळे साडेपाच तासांचं गणित करावं लागत नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, गैरसोय वाटून घ्या. एका आठवड्यात भारतीय खेळाडू पहाटे उठले, तर पुढच्या आठवड्यात अमेरिकेतल्यांनी सकाळी लॉगिन करावं. हे ज्यांना मान्य नाही, तिथे आपली कॉलेजची किंवा नोकरीची सकाळ पणाला लावण्यापेक्षा जवळच्या टाइम झोनमधला ग्रुप शोधलेला बरा.