बाटली आडवी झाली, पण पोरांचं काय?

गावातलं दारूचं दुकान मतदानानं बंद पाडण्याचा अधिकार महाराष्ट्रातल्या महिलांना आहे. 2008 च्या शासन आदेशानुसार 25 टक्के महिला मतदारांनी सह्या दिल्या, की गुप्त मतदान घ्यायचं. उभी बाटली की आडवी, एवढाच सवाल. मात्र आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसत्या मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे. ऊसतोडीला गेलेल्या बाईचं न पडलेलं मत आपोआप दुकानदाराच्या पारड्यात जातं. तरीही अनेक गावांतल्या बायकांनी ही लढाई जिंकली आहे.

ती लढाई मुख्यतः मजुरी उधळणाऱ्या नवऱ्याविरुद्ध होती. आता प्रश्न आहे विशी-पंचविशीतल्या पोरांचा. त्यांना विचारलं तर उत्तर तयार असतं, ‘‘आम्ही काय रोज पितो का? कधीतरीच.’’ म्हणजे कधी? मित्राचा वाढदिवस, वरात, निवडणुकीची रात्र आणि थर्टीफर्स्ट. पण त्या एका बैठकीत पोटात किती जाते? एका वेळी 60 ग्रॅम किंवा त्याहून जास्त शुद्ध अल्कोहोल घेणं म्हणजे अतिमद्यपान, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. व्हिस्की-रमच्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण तेवढंच अल्कोहोल असतं. म्हणजे ‘एकच क्वार्टर’ म्हणणारा पोरगाही त्यात बसला. वर तोच मोटारसायकलला किक मारून घराकडं निघतो. कायद्यानं बिअरसाठी 21 आणि व्हिस्की-रमसाठी 25 वर्षं वय लागतं. पण मळ्यातल्या पार्टीत दाखला कोण बघतो?

दुकान हटवून हे थांबत नाही. बाटली दुसऱ्या गावाहून डिकीतून येते. जिल्हाभर बंदी असली तरी पहारा गावालाच द्यावा लागतो, हे विदर्भात दिसलं. चंद्रपूरची 2015 ची दारूबंदी 2021 मध्ये उठली. गडचिरोलीत 1993 पासून बंदी असूनही 2016 मध्ये ‘मुक्तिपथ’ हा कार्यक्रम हाती घ्यावा लागला. त्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं शासनाच्या सोबतीनं गावोगावी संघटना बांधल्या आणि व्यसन जडलेल्यांच्या उपचाराचीही सोय केली. हिवरे बाजारनं नशाबंदी आणली ती श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांच्या जोडीनं. गावात पाणी आलं, शेतीत काम आलं.

तरुणांची दारू दुकानापेक्षा प्रसंगाला जास्त चिकटलेली आहे. म्हणून गावानं प्रसंगच हाती घ्यायला हवेत. अंनिसची ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ ही 31 डिसेंबरची मोहीम काहींना फोटोपुरती वाटते, पण तिनं नेमकी रात्र हेरली आहे. तसंच वरातीचं. लग्नाच्या बैठकीत देण्याघेण्याची यादी होते, त्याच यादीत ‘वरातीत दारू नाही’ हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी लिहून घ्यावं. गणपती मंडळाच्या पोरांनी आपला नियम आपणच करावा. आणि निवडणुकीत जो पॅनेल पोरांना बाटल्या पुरवील, त्याला मत नाही, असं गावानं आधीच जाहीर करावं.

अडचण इथंच आहे. ग्रामसभेत दारूबंदीच्या ठरावाला हात वर करणारे पुढारीच प्रचाराच्या रात्री खोकी उतरवतात. बायकांनी बाटली आडवी केली. आता या पुढाऱ्यांना आडवं जायचं काम गावातल्या बाप्यांचं आहे.