डीएनए नाते सांगेल, पण आईची संमती?

पुण्या-मुंबईतील संस्थांमधून सत्तर-ऐंशीच्या दशकांत अनेक बाळे परदेशात दत्तक गेली. आज ती आणि त्यांची मुले आपली मुळे शोधत आहेत. कागदपत्रे अपुरी असली की आधार उरतो डीएनए चाचणीचा.

ही चाचणी कशी चालते? लाळेचा नमुना कंपनीकडे असलेल्या इतरांच्या नमुन्यांशी ताडला जातो. आई किंवा वडिलांशी ५० टक्के, सख्ख्या चुलत-मावस भावंडांशी सरासरी १२.५ टक्के डीएनए जुळतो. दूरचा नातलग सापडला, तरी त्याच्या वंशावळीवरून जन्मदात्यांपर्यंत पोहोचता येते. मात्र या नमुन्यांत भारतीय कमी. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने झाल्याने दूरचे नातेही जवळचे भासते.

खरा पेच पुढे आहे. २०२२च्या दत्तक नियमावलीनुसार, मूल सोपवताना जन्मदात्यांनी गुप्तता मागितली असेल, तर माहिती देण्यापूर्वी त्यांची संमती लागते. तिऱ्हाईताला शोध घेता येत नाही. डीएनए मात्र कुणालाच विचारत नाही. भाच्याने हौसेने केलेल्या चाचणीतून मावशीचे चाळीस वर्षांचे गुपित उघडे पडू शकते.

मूळ जाणण्याचा हक्क खरा, तशी त्या मातेची भीतीही खरी. म्हणून केंद्रीय दत्तक प्राधिकरणाने, म्हणजे ‘कारा’ने, स्वेच्छा नोंदणी सुरू करावी. माता आणि मूल, दोघांचा होकार आला तरच ओळख द्यावी. दत्तक व्यक्ती हयात नसेल, तर तिच्या मुला-नातवंडांना शोध घेता येईल का, हेही नियमात स्पष्ट लिहावे. तोवर चाचणीत नाव सापडले, तरी थेट दारात जाऊन उभे राहू नये.