रोस्टच्या पातेल्यात नक्की काय असतं?

दर नाताळात आमच्या घरी रोस्ट होतो आणि दर नाताळात कुणीतरी आवाज खाली आणून विचारतंच, "अगं, पण ते चालतं का आता?" भांडुपात इतकी वर्षं राहतेय, हा प्रश्न काही संपत नाही. म्हणून एकदाच नीट लिहिते. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

आधी पातेल्यात काय असतं ते सांगते. म्हशीचं मांस. बाजारात ज्याला 'मोठ्याचं' म्हणतात ते. माझं माहेर वसईचं, त्यामुळे पद्धत तिकडची. दीड किलोचा बिनहाडाचा अख्खा तुकडा घ्यायचा, त्याला आलं-लसूण, मिरी, दालचिनी, लवंग, मीठ आणि व्हिनेगर चोळून रात्रभर ठेवायचा. सकाळी दोऱ्याने बांधून तेलात सगळ्या बाजूंनी लालसर परतायचा आणि जाड बुडाच्या पातेल्यात थोडं पाणी घालून मंद आचेवर दोन-अडीच तास सोडून द्यायचा. या मांसात चरबी कमी, घाई केली की चामड्यासारखं होतं. त्याच रसात बटाटे, सोबत गाजर-फरसबी, बिटाचं सॅलड आणि फुगे. बारा-पंधरा माणसं जेवतात. मटणाच्या आजच्या भावात एवढ्यांना पोटभर वाढणं आम्हाला जमलं नसतं, हेही खरं.

आता कायदा. महाराष्ट्रात गोहत्याबंदी १९७६च्या कायद्याने आली. मार्च २०१५पासून त्यात बैल आणि वळूही आले. कत्तल केली तर ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि १० हजारांपर्यंत दंड. म्हैस या बंदीत नाही. सक्षम अधिकाऱ्याच्या दाखल्यानंतर तिची कत्तल कायदेशीर आहे. म्हणजे आमच्या पातेल्यात जे शिजतं, ते चालतं. काल चालत होतं, आजही चालतं.

मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. पण परराज्यात कायदेशीर कापलेलं गोमांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. माणसाने आपल्या घरात काय खावं हा त्याच्या खासगीपणाचा भाग, असं न्यायालयाचं म्हणणं. 'मी निर्दोष आहे' हे आरोपीनेच सिद्ध करावं, असं सांगणारं कलमही गेलं. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तो वाद तिकडे.

बैलबंदी मला स्वतःला पटत नाही. म्हातारा बैल पोसायचा खर्च शेतकऱ्याच्या माथी आणि पुण्य भलत्याच्याच खात्यात. पण कायदा आहे तोवर पाळायचा, आणि आम्ही पाळतो. माझा मुद्दा वेगळाच आहे. जे कायद्याने बंद नाही, तेही भीतीने बंद होत चाललंय.

ऑगस्ट २०२४ आठवा. धुळे–मुंबई एक्स्प्रेसमध्ये इगतपुरीजवळ एका वृद्ध गृहस्थांना तरुणांच्या टोळक्याने मारलं. ते कल्याणला लेकीकडे निघाले होते. बरणीत मांस होतं. ते म्हशीचं आहे असं ते सांगत होते. कुणी ऐकलं? उलट व्हिडिओ काढला. लेकीच्या घरी खाऊ नेणारा बाप, बस्स, एवढाच त्यांचा अपराध. ही आपलीच मध्य रेल्वे आहे मंडळी, तिच्याच लोकलला आपण रोज भांडुपला लटकतो.

शिजलेलं मांस गाईचं की म्हशीचं हे डोळ्यांनी आणि नाकाने कळत नाही, त्याला प्रयोगशाळा लागते. मग डब्यात, जिन्यात, सोसायटीच्या ग्रुपवर हे निकाल कोण देतं? आणि कुठल्या अधिकाराने?

"आमच्या भावना दुखावतात" असं म्हणणाऱ्यांची मी थट्टा करणार नाही. माझ्या शेजारी माळकरी कुटुंब आहे. त्यांच्याकडे नाताळाचा फराळ जातो तो करंज्यांचा, वेगळ्या भांड्यात केलेला. कुणाच्या नाकाखाली आम्ही रोस्ट धरत नाही. पण भावनेचा मान राखणं वेगळं आणि दुसऱ्याच्या चुलीवर पहारा ठेवणं वेगळं.

म्हणून दोनच गोष्टी मागते. पोलिसांनी संशयावरून हात उचलणाऱ्याला आधी धरावं, डब्याची तपासणी नंतर. आणि आपण, खाणाऱ्यांनी, कुजबुजणं थांबवावं. कायदेशीर दुकानातून घ्या, पावती मागा, आणि कुणी विचारलं तर सरळ आवाजात सांगा, म्हशीचं आहे. जी गोष्ट आपणच चोरून करतो, ती लोकांना चोरीचीच वाटते.

पटत नसेल तर खाली लिहा, उत्तर देईन. फक्त शिव्या नकोत. नाताळ जवळ आलाय, फुग्यांचं पीठ भिजवायचंय.