विश्लेषण : अक्कलकोट ते सोलापूर, रोज ८० किलोमीटर, विद्यार्थ्याला कोणती जुनी कार परवडेल?

बारावीनंतर सोलापूरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला की अक्कलकोटमधील अनेक घरांत एकच चर्चा सुरू होते. खोली घेऊन राहायचे की रोज जाऊन-येऊन करायचे? जाऊन-येऊन करायचे तर एसटी, दुचाकी की एखादी सेकंड हँड कार? बजेट तीन-साडेतीन लाखांचे असते आणि त्यातही काही रक्कम सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाची. अशा वेळी बहुतेकांचे लक्ष गाडीच्या किमतीवर असते. प्रत्यक्षात रोज ८० किलोमीटर चालणाऱ्या गाडीत किंमत हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता ठरतो. स्वस्तात मिळालेली मोठी गाडी महागात पडते आणि थोडी नवी, लहान गाडी खिशालाही परवडते आणि चालवायलाही मजा देते. ते कसे?

मुळात कार घ्यावी का?

निव्वळ पैशांचा विचार केला तर एसटीला तोड नाही. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिकिटाच्या एक तृतीयांश रकमेत प्रवास होतो. बारावीपर्यंतच्या मुलींना पास मोफत आहे, तर १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकीट अर्धे आहे. रेल्वेचा पर्याय तितका सोयीचा नाही, कारण अक्कलकोट रोड स्थानक गावापासून दहा-अकरा किलोमीटर दूर आहे.

मग कार कोणासाठी? ज्याचे प्रात्यक्षिक संध्याकाळी उशिरा संपते, ज्याचे गाव एसटीच्या मुख्य मार्गापासून आत आहे किंवा ज्याला कॉलेजसाठी शहर ओलांडावे लागते, त्याच्यासाठी. वालचंद इन्स्टिट्यूट अशोक चौकात, अक्कलकोटकडून येणाऱ्याला जवळ. विद्यापीठ मात्र केगावला, पुणे रस्त्यावर आणि ऑर्किड कॉलेज तुळजापूर रस्त्यावर तळे हिप्परग्याला. तिथे पोहोचायला बस बदलावी लागते. गुरुवारी आणि पौर्णिमेला स्वामी समर्थांच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांची गर्दी असते, तेव्हा बसमध्ये उभे राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ. कॉलेज मार्गावरच असेल आणि वेळ ठरलेली असेल, तर कारचा हट्ट सोडलेला बरा.

एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. मुलगा १८ वर्षांचा झाला नसेल तर किल्ली हातात देऊ नये. २०१९ मधील दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन चालकाच्या पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

खरा खर्च किती येतो?

महिन्याला कॉलेजचे २० दिवस धरले तर १६०० किलोमीटर होतात. पेट्रोल गाडीने महामार्गावर लिटरला १८ किलोमीटर दिले आणि पेट्रोल १०५ रुपये धरले, तर महिन्याला साधारण ८९ लिटर, म्हणजे ९३०० रुपये लागतात. वर्षाचे दहा महिने धरले तर ९३ हजार आणि तीन वर्षांत पावणेतीन लाखांहून अधिक. म्हणजे जवळपास गाडीच्या किमतीइतके इंधन.

त्यावर विमा, दोन सर्व्हिसिंग, टायरची झीज. सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचा जून २०२२ मध्ये ठरलेला वार्षिक दर एक हजार सीसीपर्यंत २०९४ रुपये आणि एक ते दीड हजार सीसीसाठी ३४१६ रुपये, जीएसटी वेगळा. सगळे मिळून महिन्याला आणखी दीड-दोन हजार बाजूला काढावेत. म्हणून तीन लाखांचे बजेट असेल तर गाडी अडीच लाखांपर्यंतच पाहावी. उरलेल्या पन्नास हजारांत टायर, बॅटरी, ऑइल, नाव बदलणे आणि पहिला विमा बसवावा.

पेट्रोल, डिझेल की सीएनजी?

याच १६०० किलोमीटरला, डिझेल गाडीने २२ चे अॅव्हरेज दिले आणि डिझेल ९२ रुपये धरले, तर सुमारे ६७०० रुपये लागतात. सीएनजीवर किलोला २५ किलोमीटर आणि ९५ रुपये दर धरला, तर ६१०० रुपये. आपल्या पंपावरचे दर घालून हे गणित पुन्हा करावे, फरक फारसा बदलत नाही.

डिझेलमध्ये वर्षाला २६ हजार वाचताना दिसतात. पण आठ-दहा वर्षे जुन्या गाडीचा टर्बो किंवा इंजेक्टर गेला की एका फटक्यात ती बचत संपते. शिवाय मारुतीने एप्रिल २०२० मध्ये डिझेल बंद केल्यामुळे या कंपनीच्या डिझेल गाड्या आता जुन्याच मिळतात.

सीएनजीत वर्षाला ३० हजारांच्या वर बचत होते आणि दुरुस्ती पेट्रोल इंजिनाइतकीच सोपी असते. डिकी जाते, पण दप्तर आणि डबा मागच्या सीटवर मावतो. दोन अटी मात्र पाळाव्यात. किट कंपनीने बसवलेले असावे, बाहेरून बसवले असेल तर त्याची नोंद आरसीवर असावी. तसेच टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली असावी. कॉलेजच्या वाटेवर सीएनजी पंप नसेल किंवा तिथे नेहमी तासभर रांग असेल, तर साधे पेट्रोल बरे.

चालवायला मजा म्हणजे काय?

महाविद्यालयीन मुलाला गाडी ‘मस्त’ हवी असते आणि त्यात गैर काही नाही. रोज दोन तास जिच्यात बसायचे ती कंटाळवाणी असेल तर वर्षभरात विकली जाते. पण मजा म्हणजे मोठे इंजिन नव्हे. वळसंग, कुंभारीच्या पट्ट्यात ट्रक मागे टाकताना पटकन मिळणारा पिकअप, ८० च्या वेगाला न थरथरणारे स्टिअरिंग आणि पारा चाळिशीपार गेल्यावरही थंड हवा देणारा एसी, हीच या रस्त्यावरची मजा.

या कसोटीवर २०१८ नंतरची पेट्रोल स्विफ्ट उतरते. वजन ९०० किलोच्या आत, इंजिन १.२ लिटरचे, त्यामुळे गाडी चपळ. स्पेअर पार्ट आणि मेकॅनिक तालुक्यातही मिळतात. पण ऑक्टोबर २०१८ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत तिला दोनच स्टार मिळाले. याउलट टियागोला जानेवारी २०२० मध्ये चार स्टार मिळाले. तिचे तीन सिलिंडरचे इंजिन स्विफ्टइतके गुळगुळीत नाही, पण महामार्गावर रोज जाणाऱ्याने हा सौदा मान्य करावा. जानेवारी २०२२ पासून टियागो सीएनजीतही आली, बजेटमध्ये बसली तर उत्तम. केवळ काटकसर हवी असेल तर वॅगन आर किंवा सेलेरिओची सीएनजी पुरते.

फोर्ड फिगो आणि फोक्सवॅगन पोलो चालवायला या सगळ्यांपेक्षा सरस, हे अनेकांना ठाऊक आहे. पण फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली आणि पोलो २०२२ मध्ये थांबली. पार्टसाठी चार दिवस गाडी गॅरेजला राहिली तर कॉलेज बुडते. शौकीन माणसाची दुसरी गाडी म्हणून त्या चांगल्या, विद्यार्थ्याची एकमेव गाडी म्हणून नाहीत.

कोणत्या वर्षाची गाडी?

एक तारीख लक्षात ठेवावी : १ जुलै २०१९. तेव्हापासून प्रत्येक नव्या कारला चालकाची एअरबॅग, सीट बेल्टची सूचना आणि रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस त्याआधी, एप्रिल २०१९ मध्ये सक्तीचे झाले होते. त्यापूर्वीच्या गाडीत हे आहे की नाही, ते मॉडेलनुसार तपासावे. एबीएस नसलेली २०१४ ची मोठी सेडान आणि एबीएस असलेली २०१९ ची लहान हॅचबॅक एकाच किमतीला मिळत असतील, तर दुसरीच घ्यावी. पावसात अचानक ब्रेक दाबावा लागला तर डिकीचा आकार कामी येत नाही.

२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ नंतरच्या आहेत. जुन्या चारचाकींचे अॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटू शकते, असा नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातील अंदाज होता. घेण्यापूर्वी इंधनाचे रबरी पाइप आणि जोड पाहून घ्यावेत.

कर्नाटक पासिंगची गाडी घ्यावी का?

अक्कलकोटची हद्द कलबुर्गी आणि विजयपुरा जिल्ह्यांना लागून आहे. त्यामुळे केए ३२ आणि केए २८ पासिंगच्या गाड्या ‘पन्नास हजारांनी स्वस्त’ म्हणून समोर येतात. पण दुसऱ्या राज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इथे ठेवायची तर नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर लागतो. हा खर्च आणि हेलपाटे मिळवल्यावरही गाडी स्वस्त पडत असेल तरच पुढे जावे. एनओसी ‘नंतर देतो’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्यावेत.

गाडी पाहताना काय तपासावे?

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाने आधीच चालू करून ठेवली असेल तर पुन्हा यावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. टायरवरील चार अंकी आकडा वाचावा, ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांपेक्षा जुने टायर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने सोलापूर जिल्ह्यातील अनेक गावे पाण्यात गेली होती. त्यामुळे सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाचा डाग आहे का, सीटखालच्या लोखंडाला गंज आहे का, हे पाहावे. शेवटी ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन महामार्गावर वीस किलोमीटर गाडी चालवावी, एसी सुरू ठेवून.

कागदपत्रांत काय चुकते?

सर्वाधिक फसवणूक इंजिनात नाही, कागदात होते. ‘एमपरिवहन’ अॅपवर नंबर टाकून विमा, कर्जाचा बोजा आणि चलन तपासावे. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ क्रमांकाचा अर्ज मिळाल्याशिवाय व्यवहार पूर्ण करू नये. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबरप्लेट आहे का, हेही पाहावे.

२९ आणि ३० क्रमांकाच्या अर्जांवर सह्या घेऊन ते कपाटात ठेवणे ही आपल्याकडची जुनी सवय. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात स्पष्ट केले, की अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याची. म्हणून विकणाऱ्यालाही नाव बदलण्याची घाई असायला हवी. तो टाळाटाळ करत असेल तर त्यामागे कारण असते. खरेदीदाराने विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. ‘नो क्लेम बोनस’ जुन्या मालकाचाच राहतो, तो हिशेबात धरू नये.

मग निर्णय काय?

मित्र आळीपाळीने पेट्रोल भरत असतील तर रोजचा खर्च हलका होतो. मात्र सीटमागे भाडे घेतले की खासगी गाडी परवान्याविना प्रवासी वाहन ठरते आणि अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते.

दाराशी उभी मोठी गाडी गावात रुबाब देते, हे खरे. पण तिचे इंधन आणि दुरुस्ती पुढची तीन वर्षे वडिलांच्या खिशातून जाते आणि रस्त्यावरचा धोका मुलाच्या वाट्याला येतो. २०१९ नंतरची, एबीएस आणि एअरबॅग असलेली, एकाच मालकाने वापरलेली लहान पेट्रोल किंवा सीएनजी कार, आणि हाताशी पन्नास हजार राखीव. अक्कलकोट–सोलापूर रस्त्यासाठी एवढी गाडी पुरेशी आहे. ती मिळत नसेल, तर एसटीचा पास काढून आणखी सहा महिने थांबण्यात कमीपणा नाही.