कडे आणि धातू

मनगटी घड्याळाची निवड करताना आपण तबकडी पाहतो, पट्टा पाहतो, यंत्र कोणते ते विचारतो. काचेला धरून ठेवणाऱ्या कड्याकडे, म्हणजे बेझलकडे, मात्र सहसा लक्ष जात नाही. वस्तुतः अभिजात घड्याळाचा चेहरामोहरा ठरतो तो या कड्याने आणि त्याच्या धातूने.

गेवराई तालुक्यातल्या तलवाड्यासारख्या गावी हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. लग्नात जावयाला अंगठीबरोबर घड्याळ देण्याची रीत आपल्याकडे आहेच, आणि ते सोनेरी असावे असा आग्रहही असतो. पण ‘सोनेरी’ आणि ‘सोन्याचे’ या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. सोनेरी घड्याळाची केस बहुधा पितळेची किंवा पोलादाची असते आणि तिच्यावर सोन्याचा काही मायक्रॉनांचा मुलामा असतो. तो प्रथम झिजतो तो कड्याच्या काठावर, कारण बाहीचे घर्षण, घाम आणि धूळ तिथेच अधिक. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे काम अधिकच लवकर होते. मग आतली पितळ दिसू लागते आणि आहेराचा मान उतरतो.

कड्याच्या नक्षीमागे मुळात काम होते. रोलेक्सने १९२६ साली ‘ऑयस्टर’ ही पाणी आत न शिरू देणारी केस आणली. तिच्या कड्यावरच्या खाचा शोभेसाठी नव्हत्या. कडे आट्यांवर पिळून घट्ट बसवताना हत्याराला पकड मिळावी म्हणून त्या होत्या. पुढे ती गरज संपली, खाचा मात्र उरल्या आणि प्रतिष्ठेचे चिन्ह झाल्या. आजही या कंपनीच्या पोलादी डेटजस्टवर खाचांचे कडे हवे असेल, तर ते सोन्याचेच मिळते. म्हणजे तिथे कड्याची निवड हीच धातूची निवड ठरते.

याउलट पाटेक फिलिपच्या १९३२ सालच्या ‘कालात्राव्हा’चे कडे साधे आणि सपाट आहे, डौल सारा प्रमाणबद्धतेतून येतो. ओदमार पिगेच्या १९७२ सालच्या ‘रॉयल ओक’ने तर अष्टकोनी कड्यावरचे आठ स्क्रू लपवलेच नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ते घड्याळ पोलादाचे असूनही त्या काळच्या अनेक सोन्याच्या घड्याळांहून महाग होते. किंमत धातूची नव्हे, त्यावर झालेल्या हातकामाची असते, हे त्याने जगाला मान्य करायला लावले.

आपल्याकडचा सोन्याचा विचार मात्र तोळ्यात चालतो. घड्याळातले सोने सहसा १८ कॅरटचे, म्हणजे ७५ टक्के शुद्ध असते. शुद्ध सोने इतके मऊ की रोजच्या वापरात टिकणार नाही. २२ कॅरटच्या दागिन्याला सरावलेल्या नजरेला ते फिके वाटते, आणि मोडीत काढायला गेले तर सोनार केसचे वजन मोजणार, कारागिरी नव्हे. सोन्याचे घड्याळ ही बचत आहे असे समजून ते घेणारा दोन्हीकडून फसतो. प्लॅटिनमचे घड्याळ आणखी जड आणि सहसा आणखी महाग; पाहणाऱ्याला मात्र ते पोलादच वाटते.

एक आक्षेप रास्त आहे: शोभेला उपयोगाचे प्रमाणपत्र का हवे? नको. पण शोभाही टिकली पाहिजे. खाचांच्या कड्याला वारंवार पॉलिश केले की धारा बोथट होतात आणि त्यांचे तेज त्या धारांतच असते. गुळगुळीत कड्यावर चरे लवकर दिसतात हे खरे. पण ते काढून कडे पुन्हा पूर्ववत करणे सोपे असते.

म्हणून रोज वापरायचे आणि पुढच्या पिढीला द्यायचे घड्याळ घ्यायचे, तर माझे मत पोलादाच्या आणि साध्या कड्याच्या बाजूने आहे. बंगळुरूत १९६१ साली सुरू झालेल्या एचएमटीच्या कारखान्याने आपल्या घरोघर पोहोचवलेल्या ‘जनता’चे कडेही असेच साधे होते. तो घड्याळ-उद्योग गुंडाळण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला, तरी ती घड्याळे चावी दिल्यावर आजही चालतात. सोने हवेच असेल तर ते अस्सल घ्यावे, सणासमारंभापुरते वापरावे. मुलाम्याच्या वाटेला मात्र जाऊ नये. जावयाला द्यायचे घड्याळ सोन्यासारखे दिसण्यापेक्षा त्याच्या मुलाच्या मनगटावर शोभावे, हा आग्रह अधिक शहाणपणाचा.